नव्या टँकमध्ये मासे सोडण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी टँक घेतली, पहिल्या महिन्यात मासे मेले, की लोक म्हणतात, "आमच्याकडे मासे टिकत नाहीत." तसं काही नसतं. मासे आले तेव्हा टँक तयार नव्हती, एवढंच झालेलं असतं. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या लोकांनी मला फोनवर आणि निरोपांतून पुन्हा पुन्हा जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे. हे सगळं गोड्या पाण्याच्या टँकबद्दल आहे. जिथे एका उत्तराचा धागा दुसऱ्याशी जुळतो, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टँक 'सायकल' करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, विरून जातो. आपल्या दोन फुटी काचेच्या पेटीत तो साठतो आणि माशाचे कल्ले जाळतो.

यावर उपाय करणारे जिवाणू निसर्गात आहेत. एका गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटातले नायट्राइटचं नायट्रेट. मधलं नायट्राइटही विषच आहे. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, म्हणून हवा भरपूर असलेल्या पाण्यातही मासा गुदमरतो आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. शेवटचं नायट्रेट मात्र बरंच सौम्य असतं. ते पाणी बदलून काढता येतं, झाडंही खातात.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, सिरॅमिकच्या नळ्या, वाळू, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. मासे येण्याआधी त्यांना अमोनिया खायला घालून तिथे वसवायचं, यालाच टँक सायकल करणं म्हणतात.

२. मी पाणी भरून आठ दिवस फिल्टर चालू ठेवलाय. पाणी मुरलं ना? आता मासे आणू?

नाही. सगळ्यात जास्त मासे याच गैरसमजामुळे मरतात. आठ दिवस नुसतं पाणी फिरवल्याने क्लोरीन उडून जातो, फिल्टरची मोटर नीट चालते की नाही ते कळतं, गळती असेल तर दिसते. पण त्या पाण्यात अमोनियाच नाही, तर जिवाणू कशावर वाढणार? महिनाभर ठेवलंत तरी टँक पहिल्या दिवशी होती तिथेच राहील. अमोनिया कुठून द्यायचा ते प्रश्न ६ आणि ७ मध्ये आहे.

३. किती दिवस लागतात? आमच्याकडे उष्णता आहे, लवकर होईल का?

शून्यातून सुरुवात केली तर साधारण तीन ते सहा आठवडे. कुणाच्या चालू टँकमधला स्पंज मिळाला (प्रश्न १२) तर एक-दोन आठवड्यांतही होतं.

हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू तासाभरात कितीतरी पटींनी वाढतात, यांना एकदा दुप्पट व्हायलाच बरेच तास लागतात, कधी दिवसाहून जास्त. गोव्याचं हवामान मात्र खरंच आपल्या बाजूने आहे. त्यांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं आणि इथे वर्षातले बहुतेक दिवस टँकचं पाणी त्याच्या आसपासच असतं. हीटरची गरज नाही. सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या भागात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी थंड होतं, तिथे काही दिवस जास्त धरा.

मे महिन्यात मात्र एक अडचण येते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. या जिवाणूंना प्राणवायू माशांइतकाच लागतो. म्हणून मे महिन्यात एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावाच.

४. नळाचं पाणी थेट घातलं तर चालतं का?

क्लोरीन काढून घातलं तर चालतं. ओपाचं असो, साळावलीचं असो की अस्नोड्याचं, शुद्धीकरण केंद्रातून येणाऱ्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतो आणि त्याला आपले जिवाणू आणि बाहेरचे जंतू यांतला फरक कळत नाही. पाणी उघड्या बादलीत एअर स्टोन लावून एक दिवस ठेवा, किंवा दुकानात मिळणारं अँटीक्लोरीन डबीवर लिहिलेल्या मापाने घाला. अँटीक्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेटच असतं, ते लगेच काम करतं.

पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर त्यातला थोडा क्लोरीन आधीच गेलेला असतो, पण त्या भरवशावर राहू नका. पावसाळ्यात नळ सोडल्यावर वास जास्त आला तर त्या दिवशी टँकला पाणी घालूच नका.

५. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, क्लोरीनचा प्रश्नच नाही. मग सोपं ना?

क्लोरीनपुरतं सोपं. (विहिरीत अलीकडे ब्लीचिंग पावडर किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकलं असेल तर तेही नाही. तेवढं घरात विचारून घ्या.) पण विहिरीच्या पाण्याची स्वतःची एक अडचण आहे. माझ्याकडे येणाऱ्या अडलेल्या टँकांमध्ये सर्वांत जास्त वेळा मला तीच सापडते.

जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. प्यायला गोड, साबणाला फेस छान. पण त्यात कार्बोनेट फार कमी असतात. टेस्ट किटमध्ये हे 'केएच' म्हणून मोजतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल हे कार्बोनेट खाऊन टाकतं. अमोनियाच्या रूपातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन संपवायला सुमारे ७ मिलिग्रॅम कार्बोनेट लागतात, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. टँकच्या भाषेत सांगायचं तर २ पीपीएम (म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम) अमोनियाचा एक डोस साधारण दोन तृतीयांश अंश केएच गिळतो. तुमच्या विहिरीच्या पाण्याचा केएच २ असेल तर तिसऱ्या डोसापर्यंत खजिना रिकामा. मग पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं पाणी आम्लधर्मी) ६च्या खाली घसरतो, जिवाणू जवळजवळ थांबतात आणि माणूस म्हणतो, "तीन आठवडे झाले, काहीच हलत नाही."

उपाय घरातच आहे. तिसऱ्या (शिंपल्यांतलं मांस) करून खाल्ल्या की रिकाम्या शिंपल्या टाकू नका. स्वच्छ धुवा, मांस राहिलेलं असेल ते खरवडून काढा, उकळा, उन्हात वाळवा, ठेचा आणि मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. पाणी आम्लधर्मी झालं की त्या विरघळतात, पाणी सावरलं की जवळजवळ थांबतात. स्वतःच माप सांभाळणारी अशी दुसरी वस्तू मला माहीत नाही. घाई असेल तर खाण्याचा सोडा घाला. १०० लिटरला ६ ग्रॅम घातला की केएच सुमारे २ अंशांनी वाढतो. हे सायकल चालू असताना, मासे नसताना करा. मासे असताना सोड्याने पीएच झटकन बदलणं बरं नाही, तिथे शिंपल्याच वापरा.

६. अमोनिया आणायचा कुठून?

मी अमोनियम क्लोराइड वापरतो, म्हणजे आपला नवसागर. पण कल्हईवाले वापरतात तो घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते कुणी सांगू शकत नाही. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध अमोनियम क्लोराइड मिळतं. ते जपून बंद ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

१० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक काठोकाठ ५६ लिटरची भरते. वाळू आणि वरची रिकामी जागा सोडली तर पाणी ५० लिटरच्या आतच असतं. ५० लिटर पाण्याला या बाटलीतलं ३० मिलिलिटर द्रावण घातलं की अमोनिया सुमारे २ पीपीएम होतो. तेवढंच हवं.

जास्त घातलं तर लवकर होईल, असं वाटतं. तसं होत नाही. अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला की काम उलट मंदावतं. चुकून जास्त पडला तर अर्धं पाणी बदला. जिवाणू पृष्ठभागांवर असतात, त्यामुळे पाणी बदलल्याने ते जात नाहीत.

फरशी पुसायचा अमोनिया वापरायचा असेल तर बाटली हलवून बघा. फेस येऊन टिकला तर त्यात साबण आहे, तो टँकमध्ये नको. सुवास असलेलाही नको.

७. नवसागर मिळत नाही. सुंगटाचा (कोळंबीचा) तुकडा टाकला तर?

चालतो. सोललेलं एक मध्यम सुंगट जुन्या पातळ मोज्यात बांधून ५० लिटरच्या टँकमध्ये सोडा. ते कुजताना अमोनिया सुटतो. समुद्राचं असलं तरी एका सुंगटातलं मीठ टँकला जाणवत नाही. दोन-तीन दिवसांत वास येईल, पाणी गढूळ होईल, घरातली माणसं कुरकुर करतील. अमोनिया ३च्या वर जायला लागला की मोजा काढून टाका.

माशांचं खाणं रोज चिमूटभर टाकूनही होतं. पण दोन्ही पद्धतींत नेमका किती अमोनिया पडला ते कळत नाही, म्हणून टेस्ट जास्त वेळा करावी लागते.

८. टेस्ट किट महाग आहे. तिच्याशिवाय जमणार नाही का?

अंदाजाने जमतं, पण मी कुणाला तसं करायला सांगत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींना रंग नाही आणि टँकमध्ये असतात तेवढ्या प्रमाणात वासही नाही. काचेसारखं नितळ पाणी माशाला मारू शकतं. एका किटच्या पैशात जितके मासे येतात, त्याहून जास्त मासे लोक पहिल्या महिन्यात गमावतात.

पट्ट्यांपेक्षा थेंबांची किट घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच एवढं मोजता आलं पाहिजे, विहिरीचं पाणी असेल तर केएचही. नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर नायट्रेट शून्य दिसतं आणि माणूस उगाच काळजीत पडतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची टेस्ट त्यालाही मोजते. म्हणून नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

किट अजिबातच परवडत नसेल तर दोन-तीन मित्रांनी मिळून घ्या. डिचोलीतल्या चौघांनी असं केलं होतं. एकाची टँक झाली की किट दुसऱ्याच्या घरी.

९. रोज काय काय करायचं, क्रमाने सांगाल का?

पहिल्या दिवशी क्लोरीन काढलेलं पाणी, फिल्टर चालू, अमोनिया २ पीपीएमपर्यंत. मग तीन-चार दिवस काहीच बदलत नाही. हेच दिवस सर्वांत अवघड जातात, कारण हात शिवशिवतात. काही करू नका. दोन दिवसांआड फक्त अमोनिया मोजा.

पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट दिसू लागतं. अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की पुन्हा १ ते २ पीपीएम घाला. त्यानंतर नायट्राइट वर चढत जातं, कधी टेस्टच्या रंगपट्टीबाहेर जातं. त्या टप्प्यात अमोनिया निम्माच घाला. मग एका सकाळी नायट्राइट अचानक खाली आलेलं दिसतं. हळूहळू नाही, दोन-तीन दिवसांत कोसळतं. मी इतक्या वेळा पाहिलंय, तरी ती सकाळ मला अजून आवडते.

दिवा पेटवायची गरज नाही. या जिवाणूंना उजेड लागत नाही, उजेडाने फक्त शेवाळ येतं. टँक खिडकीजवळ असेल तर पडदा ओढा.

१०. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं. सगळं ओतून पुन्हा सुरू करू?

नको. हे वेगळे जिवाणू आहेत, कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे. नव्या पाण्यात ते आधी उसळतात आणि काही दिवसांत आपोआप बसतात. सुंगट किंवा खाणं टाकलं असेल तर जास्त होतं. हवा चालू ठेवा आणि थांबा.

वाळू नीट न धुतल्याने आलेला गढूळपणा लालसर किंवा करडा असतो आणि पहिल्याच दिवशी दिसतो. जांभ्याचा तुकडा शोभेसाठी ठेवला असेल तर त्याची भुकटीही सुटते. पाणी हिरवं झालं असेल तर ऊन किंवा उजेड जास्त पडतोय.

११. बाटलीतले जिवाणू मिळतात, 'आजच मासे सोडा' असं लिहिलेलं असतं. खरं का?

काही उत्पादनं खरंच मदत करतात, काही अजिबात नाही. आपल्याला हव्या असलेल्या जिवाणूंना बीजाणू करून वर्षानुवर्षं झोपून राहता येत नाही. ती बाटली उन्हात तापलेल्या गाडीतून आली, दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिली, तर आत काय जिवंत असेल? पुष्कळ बाटल्यांमध्ये बीजाणू करणारे दुसरेच जिवाणू असतात. ते कचरा कुजवतात, नायट्राइटला हात लावत नाहीत.

बाटलीवरची नावंही वाचून बघा. पूर्वी सगळे मानत की टँकमध्ये नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टँकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ते काम नायट्रोस्पायरा गटातले जिवाणू करतात. २०१५ साली तर याच गटातले असे जिवाणू सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकटेच करतात. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाले होते. हे कळलं तेव्हा मला आपल्या साध्या स्पंजकडे बघायची दृष्टीच वेगळी मिळाली.

बाटली घातली तरी अमोनिया द्या, टेस्ट करा आणि प्रश्न २१ मधली परीक्षा पास झाल्यावरच मासे आणा. बाटली चांगली असेल तर परीक्षा लवकर पास होईल, तुमचं नुकसान काहीच नाही.

१२. मित्राच्या टँकमधला स्पंज आणला तर?

माझ्या मते यासारखं दुसरं काही नाही, आणि फुकटही आहे. ज्या टँकमध्ये मासे महिनोन्‌महिने निरोगी आहेत, तिथल्या फिल्टरचा अर्धा स्पंज किंवा मूठभर सिरॅमिक नळ्या घ्या. त्याच टँकचं पाणी भरलेल्या पिशवीत, वर भरपूर हवा ठेवून आणा आणि शक्य तितक्या लवकर आपल्या फिल्टरमध्ये बसवा. नळाखाली धुवू नका. पणजीहून मडगावपर्यंतचा प्रवास हे जिवाणू सहज सोसतात. बंद गाडीत दुपारभर ठेवलं तर मात्र गुदमरून मरतात.

स्पंजाबरोबर रोगही येऊ शकतो. त्या टँकमध्ये गेल्या महिन्यात पांढरे ठिपके, कुजलेले पर किंवा औषध झालं असेल तर घेऊ नका. दुकानातल्या टँकमधलं मीडिया (फिल्टरमधला स्पंज, नळ्या) याच कारणासाठी मी घेत नाही, कारण तिथे रोज नवे मासे येतात. जुन्या टँकचं नुसतं पाणी आणून उपयोग नाही, प्रश्न १ मध्ये का ते सांगितलं आहे.

१३. नायट्राइट तीन आठवडे उतरतच नाही. काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. दुसऱ्या गटातले जिवाणू उशिरा जागे होतात. तरी क्रमाने बघा.

आधी पीएच मोजा. ६.५च्या खाली असेल तर तुमचं उत्तर प्रश्न ५ मध्ये आहे. मग नायट्राइट खरं किती ते काढा. रंगपट्टी ५ पीपीएमपर्यंतच असते, त्यापुढे ५ आणि २५ सारखेच दिसतात. एक भाग टँकचं पाणी आणि चार भाग क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी मिसळून टेस्ट करा, आलेल्या आकड्याला पाचाने गुणा. फारच जास्त निघालं तर निम्मं पाणी बदला आणि अमोनिया देणं काही दिवस थांबवा. कुडतरीच्या एका ताईंची टँक अशीच पाच आठवडे अडली होती. त्या रोज न मोजता अमोनिया घालत होत्या. दोन वेळा पाणी बदललं आणि नवव्या दिवशी नायट्राइट शून्य.

फिल्टरचा प्रवाह मंद झालाय का, तेही बघा. गाळ साचला की प्राणवायू आत पोचत नाही.

१४. मासे नसलेलं पाणी महिनाभर घरात. डास होणार नाहीत का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पावसाळ्यात डेंगीची भीती खरी आहे आणि साचलेलं पाणी शोधत आरोग्य खात्याची माणसं घरोघरी येतात, ते योग्यच आहे. डासाला अंडी घालायला शांत पाणी लागतं. फिल्टर किंवा एअर स्टोनने पृष्ठभाग सतत हलत असेल तर धोका बराच कमी होतो. त्यावर घट्ट झाकण किंवा बारीक जाळी बसवा, काचेच्या झाकणातल्या वायरीच्या फटीसकट. आठवड्यातून एकदा टॉर्च मारून कोपरे बघा. अळ्या दिसल्या तर बारीक जाळीने काढा. अळीनाशक टँकमध्ये टाकू नका.

वीज बराच वेळ नसेल तेव्हा पाणी शांत होतं. तेव्हा झाकण लावलेलं आहे ना ते बघा.

१५. पावसात वीज जाते. सहा-सात तास फिल्टर बंद राहिला तर सगळं फुकट जातं का?

फुकट जात नाही, पण फिल्टर कुठला त्यावर अवलंबून आहे. टँकच्या आतला स्पंज फिल्टर पाण्यातच असतो, काही तास सहज काढतो. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर असेल तर आतलं पाणी थांबतं, प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू मरू लागतात. वीज आल्यावर ते सडकं पाणी थेट टँकमध्ये येतं. अशा वेळी डबा उघडा, आतलं पाणी ओता, मीडिया टँकच्याच पाण्यात हलकेच खळबळवा आणि मग चालू करा.

गोव्यात मी नव्या माणसाला पहिली टँक स्पंज फिल्टरचीच घ्यायला सांगतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप जूनआधी घरात आणून ठेवा.

१६. चवथीला (गणेश चतुर्थीला) आठ दिवस गावच्या घरी जाणार. अर्ध्यावर आलेली सायकल मोडेल का?

नाही. निघताना अमोनिया २ पीपीएम करा, फिल्टर चालू ठेवा, झाकण लावा आणि निर्धास्त जा. अमोनिया मधेच संपला तरी वसलेले जिवाणू आठ-दहा दिवस उपाशी राहू शकतात. संख्या थोडी कमी होते, मेजवानी मिळाली की भरून येते. खरं तर मासे नसलेली टँक सोडून जाणं मासे असलेल्या टँकपेक्षा कितीतरी सोपं आहे, म्हणून चवथीच्या तोंडावर मासे आणूच नका. परत आल्यावर आणा.

१७. टँकमध्ये भरपूर झाडं लावली आहेत. तरी हे सगळं करायचं?

झपाट्याने वाढणारी झाडं भरगच्च असतील तर ती अमोनिया स्वतःच खातात, आणि टेस्टमध्ये नायट्राइटचा डोंगर कधी दिसतच नाही. मग महिनाभर झाडं वाढू द्यायची, नवी पानं फुटतायत ना ते बघायचं आणि मोजकेच मासे सोडत जायचं. दोन काड्या आणि एक अनुबियास म्हणजे भरपूर झाडं नव्हेत. तिथे नेहमीचीच पद्धत.

झाडांसाठीची खतयुक्त माती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते. ती असेल तर वरून काही घालण्याआधी मोजा.

१८. मला हे सगळं माहीत नव्हतं. मासे कालच आणलेत. आता?

माझंही असंच झालं होतं. पहिली टँक घेतली त्याच संध्याकाळी दुकानदाराने पिशव्या भरून दिल्या. बारा दिवसांत आठ मासे गेले. माझी मुलगी रोज सकाळी उठल्यावर आधी मासे मोजायची. तेव्हापासून मी हे सगळं लोकांना समजावतो, म्हणून आधी एवढंच सांगतो की वाचवता येतात.

शक्य असेल तर मासे दुकानात किंवा चालू टँक असलेल्या मित्राकडे ठेवा. नसेल तर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींची बेरीज अर्ध्या पीपीएमच्या वर गेली की निम्मं पाणी बदला, क्लोरीन काढून आणि त्याच तापमानाचं. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. हवा पूर्ण वेळ. नायट्राइट दिसू लागलं की १० लिटरला एक ग्रॅम साधं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइट आत शिरू देत नाही. पुढे जितकं पाणी बदलाल, तितक्याच पाण्याचं मीठ परत घाला. स्पंज मिळाला तर आजच आणा. एक-दीड महिना ही मेहनत करावी लागेल. या काळात नवा एकही मासा नको, मेलेल्याच्या जागीही नको.

१९. अमोनिया २ दाखवतोय, तरी मासे ठणठणीत आहेत. मग तुम्ही घाबरवता कशाला?

तुमचं पाणी विहिरीचं आहे का? टेस्ट एकूण अमोनिया मोजते. त्यातला थोडाच भाग खरा विषारी असतो, बाकीचा अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो, आणि हे प्रमाण पीएचवर ठरतं. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ६.५ असेल तर विषारी भाग पाव टक्क्याहून कमी. पीएच ८ असेल तर साडेसहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तीस पट. म्हणून आम्लधर्मी पाण्यात मासे तग धरतात.

धोका पुढे असतो. विहीर आटली, म्हणून तुम्ही नळाचं पाणी घातलंत, किंवा कुणी सांगितलं म्हणून सोडा टाकलात. पीएच चढतो आणि निरुपद्रवी असलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. "पाणी बदललं आणि मासे मेले" या तक्रारींमागे मला अनेकदा हेच सापडलं. अशा टँकमध्ये पाणी थोडं थोडं, दहा टक्क्यांनी, त्याच विहिरीच्या पाण्याने बदला, आणि अमोनिया उतरल्यावरच पीएचला हात लावा.

२०. फायटर मासा तर छोट्या बाउलमध्ये राहतो. त्यालाही सायकल लागते?

तो वरची हवा घेऊ शकतो, म्हणून कमी प्राणवायूत टिकतो. अमोनिया त्यालाही तितकाच जाळतो. फायटरला वीसेक लिटरची टँक आणि हलका स्पंज फिल्टर द्या, सायकल करून. तो काय रंग दाखवतो ते मग बघा.

पहिल्या पावसात शेतातून पकडून आणलेल्या चढणीच्या माशांबद्दलही हेच विचारतात. त्यांनाही सायकल झालेलीच टँक लागते. शिवाय त्यांच्या अंगावर परजीवी असू शकतात, म्हणून इतर माशांपासून निदान महिनाभर वेगळे ठेवा. आणि दुकानातले मासे कधीही ओहोळात, तळ्यात सोडू नका.

२१. झाली, असं कधी समजायचं? आणि मग किती मासे आणायचे?

परीक्षा एकच. अमोनिया २ पीपीएम घाला. चोवीस तासांनी अमोनियाही शून्य आणि नायट्राइटही शून्य, आणि नायट्रेट वाढलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं तर टँक तयार. एकदा शून्य आलं म्हणून गाडी काढू नका.

तोवर नायट्रेट खूप साठलेलं असतं. ऐंशी-नव्वद टक्के पाणी बदला, ते २० पीपीएमच्या आसपास आलं की एक-दोन दिवसांत मासे आणा. मासे लगेच आणता येणार नसतील तर दोन दिवसांआड थोडा अमोनिया घालत राहा. पन्नास लिटरला सुरुवातीला सहा-सात गप्पी किंवा तेवढेच छोटे टेट्रा पुरेत, बाकीचे पंधरा दिवसांनी. गोल्डफिश या मापाच्या टँकमध्ये नकोच, तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

२२. सहा महिने सगळं छान होतं, अचानक अमोनिया दिसला. सायकल तुटते का?

तुटते. बहुतेक वेळा फिल्टर नळाच्या पाण्याखाली घासून धुतलेला असतो किंवा जुना स्पंज टाकून नवा बसवलेला असतो. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे, पूर्ण चकचकीत करायचा नाही. बदलायचाच असेल तर नवा आणि जुना महिनाभर शेजारी चालवा. मिथिलीन ब्लू आणि काही प्रतिजैविकांनीही जिवाणू मरतात, म्हणून आजारी माशाला औषध वेगळ्या टँकमध्ये द्या. कोपऱ्यात मेलेला मासा राहिलाय का, तेही शोधा. आणि कार्बोनेट कधीकधी सहा महिन्यांनीही संपतात, शिंपल्या विरघळून गेलेल्या असतात. त्या बदला, आणि अमोनिया उतरेपर्यंत प्रश्न १८ प्रमाणे वागा. प्रश्न १९ मधला पीएचचा इशाराही तेव्हा लक्षात ठेवा.